दोन पाण्यांतला बटाटा

बटाटा सोलायचा, पातळ चकत्या करायच्या,
कोमट पाण्यात दोन तास ठेवायच्या.
ते पाणी फेकायचं.
नवं पाणी भरपूर घेऊन उकडायचा.
तेही फेकायचं.
डिमेलो बाईंनी कागदावर लिहून दिलं,
‘फेकायचं’खाली दोन-दोन रेघा.

परळला, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे मंगळवारी आणि शुक्रवारी
हिचं रक्त यंत्रातून फिरून घरी येतं.
मी विचारलं, मग बटाट्यात उरतं काय?
म्हणाल्या, पोटॅशियम कमी झालेला बटाटा.
आणि पुढचा नंबर पुकारला.

माझी आई भाताची पेजसुद्धा सांडू द्यायची नाही.
अन्नाचं पाणी मोरीत ओतलं
की हाताची बरकत जाते म्हणायची.
मी रोज दोनदा ओततो.

कॉटन ग्रीनच्या गोदामात एकतीस वर्षं
मी काट्यावर होतो.
गाठी, पोती, पिंपं,
पाच-दहा किलो इकडचे तिकडे झाले
तर कुणी मान वर करत नसे.
आता दही मोजतो,
सपाट दोन चमचे, शीग नाही.
प्रथिनं हवीत म्हणून दही.
फॉस्फरस नको म्हणून एवढंच.
हवं आणि नको एकाच कवडीत लागलेलं,
कुठल्या काट्यावर वेगळं करू?

हिचा दही-बटाटा नायगावात ठाऊक होता.
संकष्टीला खालची मालिनी परुळेकर
वाटी घेऊनच जिना चढायची.
सालासकट उकडलेले, हातानं फोडलेले
(सुरी लावली की रुसतो म्हणे),
मूठभर दाण्याचं कूट, मिरची,
तुपात तडतडलेलं जिरं,
आणि दही असं, की पळी उभी राहावी.
उपवासाला आमच्याकडे
एरवीपेक्षा जास्तच जेवत.

कागदावरून आधी कूट गेलं.
साल गेली. मीठ चिमटीवर आलं.
ते कमी सोडियमचं मीठ चालेल का विचारलं,
तर बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्याच:
अहो, त्यात पोटॅशियमच असतं!
कोथिंबिरीचं मी विचारलंच नाही.
चार पानं चिरतो.
त्याची नोंद कुठेच नाही.

दुसरं पाणी मात्र
महिनाभरापूर्वी मोरीत ओतवेना.
सगळं सत्त्व त्यात उतरलेलं,
गढूळ, जरा मातीच्या वासाचं.
गॅलरीत रंगाच्या डब्यात कढीपत्त्याची
एक काडी होती, हिनंच लावलेली,
हिच्याबरोबरच आजारी पडलेली.
निववून तिला घातलं.
दुसऱ्या दिवशीही घातलं.
काही होईल म्हणून नव्हे,
कुठेतरी ठेवायला हवं होतं म्हणून.

आज फोडणीत दोन पानं पडली.

हिच्या डाव्या हाताला वजन उचलायची बंदी.
कोपराजवळ शीर फुगवून ठेवलीय,
बोट टेकवलं की
झोपलेल्या मांजरासारखी गुरगुरते.
वाटी भरून दीडशे ग्रॅम होईल, नाही होणार,
गोदामात असलं वजन आम्ही वजनच धरत नसू.
तरी वाटी मी धरतो.
ही उजव्या हातानं खाते.

पहिला घास बराच वेळ तोंडात.
कढीपत्ता कुठून आणलात?
गॅलरीतला.
तो तर गेला होता ना?
पाणी घालतो रोज, म्हटलं.

ही गॅलरीच्या दाराकडे बघते.
उठत नाही.
पान चावून चोथा वाटीच्या कडेला लावते,
आणखी एक चकती दह्यात बुडवते
आणि म्हणते, अळणी झालंय.

झालंयच.